दुसऱ्या कामाचा इतिहास

इमारत कोणी बांधली हे इतिहासात सांगितले जाते. ती राखली कोणी, हे बहुधा राहून जाते. राखणारा पुष्कळदा आयुष्यातले पहिले काम संपवून आलेला असतो. पहिल्या कामात मिळविलेले हक्क दुसऱ्या कामात त्याच्याबरोबर येतात काय, हा आजचा आपला प्रश्न आहे.

प्रथम मुंबई पाहू. तेथे पहिली कापडगिरणी 1854 साली स्थापन झाली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे 10 जून 1890 रोजी गिरणीकामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. 1948 च्या कारखाना कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. म्हणजे एवढे मिळवायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढे अनेक गिरण्या बंद पडल्या नि कित्येक कामगार उतारवयात इमारतींचे पहारेकरी झाले. साच्यावरचा माणूस फाटकावर आला. त्याचा रविवार मात्र गिरणीतच राहिला. हक्क कारखान्याला बांधलेले होते, माणसाला नव्हे.

ह्यावर उपाय नव्हता असे नाही. 1969 च्या माथाडी कायद्याने, हमालाचा मालक रोज बदलला तरी मजुरी, भविष्यनिर्वाह निधी व रजा मंडळामार्फत मिळावी, अशी व्यवस्था केली. त्याच धर्तीवर 1981 साली खाजगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा झाला. त्यात फाटकावरचा रक्षक आला. जिना धुणारी बाई आली नाही.

आता आपल्या बीडकडे वळू. आपल्याकडून दरवर्षी ऊसतोडीला माणसे जातात. नवराबायको मिळून एक कोयता. उचल एक, हिशेब एक, नि तो मुकादमाशी नवऱ्याचाच. कंबर साथ देईनाशी झाली की त्यांतली काही जोडपी पुण्यात एखाद्या इमारतीच्या तळाशी खोली धरतात. पहाटे मोटार चालू करून टाकी भरायची, गळक्या नळाशी पाना घेऊन बसायचे, लिफ्ट अडकली तर आतल्या माणसाला धीर द्यायचा, हे तो शिकतो. ती जिने झाडते, धुते. आमच्या पाहण्यात अशी घरे आहेत, जेथे पगार एकच असतो. कोयता सुटला, पण दोघांना एक मोजण्याची रीत सुटली नाही.

ह्या खेपेस मालक साखर कारखाना नसून आपणच आहोत. 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेल्या गृहनिर्माण संस्थेचा प्रत्येक सभासद ह्या नोकरीचा भागीदार मालक होय. बीडमध्येही आता अशा इमारती आहेत. तेव्हा श्रोतेहो, पुढच्या सर्वसाधारण सभेत हिशेबवही मागवा. राखणाऱ्याला आठवड्याची सुट्टी आहे काय, आणि जिना धुणारीच्या नावाची ओळ तीत आहे काय, एवढे पाहा.