दोन कुंचले, एक चित्र : मारुकी दांपत्याची हिरोशिमा चित्रमालिका, तिची प्रदर्शने आणि अनुबोधपट

प्रस्तावना

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकण्यात आला. या घटनेचा इतिहास लिहिताना शासकीय कागदपत्रे, वैद्यकीय अहवाल आणि छायाचित्रे यांचा साधने म्हणून उपयोग केला जातो. चित्रांचा विचार मात्र बहुधा कलासमीक्षेवर सोपविला जातो. प्रस्तुत लेखात मारुकी इरी (१९०१-१९९५) व मारुकी तोशी (१९१२-२०००) या जपानी चित्रकार दांपत्याने १९५० ते १९८२ या काळात मिळून रंगविलेल्या पंधरा चित्रांचा इतिहासाचे साधन म्हणून विचार केला आहे. या चित्रांचे मोल केवळ त्यांच्या विषयात नाही. ती दोघांनी एकमेकांचे काम तपासत आणि प्रेक्षकांचे प्रश्न ऐकत घडविली, यातही ते आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

दोन परंपरांचा संसार

इरी मूळचे हिरोशिमा परिसरातील. जपानी शाईचित्रांच्या परंपरेत त्यांची जडणघडण झाली होती. तोशी उत्तरेकडील होक्काइदोच्या. टोकियोतील स्त्रियांच्या कलाविद्यालयात त्यांनी पाश्चात्त्य पद्धतीच्या तैलचित्रणाचे शिक्षण घेतले होते. १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. बॉम्ब पडल्याची वार्ता कळताच इरी तीन दिवसांत हिरोशिमाला पोहोचले व त्यानंतर काही दिवसांनी तोशीही तेथे गेल्या. जखमींची शुश्रूषा आणि मृतांची व्यवस्था यांत त्यांचे ते दिवस गेले. इरींच्या आप्तांपैकी काही जण या संहारात दगावले. म्हणजे हे दोघे स्फोटाचे साक्षीदार नव्हते, तर त्याच्या परिणामांचे साक्षीदार होते. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण स्वतः न पाहिलेला क्षण त्यांना इतरांच्या कथनांतून उभा करावा लागला.

त्यांच्या कार्यपद्धतीत ही भागीदारी स्पष्ट दिसते. तोशी मानवी देहांची रेखाटने बारकाईने करीत, तर इरी त्यांवर शाईचे पातळ थर सोडीत. शाईखाली बुजलेल्या रेषा पुन्हा काढाव्या लागत आणि पुन्हा शाई येई. एकाच्या स्पष्टतेला दुसऱ्याच्या काळोखाने छेद द्यावा आणि तरीही माणूस हरवू नये, अशी ही रीत होती. ‘भुते’, ‘आग’ आणि ‘पाणी’ ही पहिली तीन चित्रे १९५० मध्ये पूर्ण झाली. प्रत्येक चित्र सुमारे १.८ मीटर उंच व ७.२ मीटर रुंद आहे. ‘पाणी’ या चित्राच्या मध्यभागी मृत बालकाला कवटाळलेली माता आहे. आरंभीच्या चित्रांवर तोशींचे नाव अकामात्सु तोशिको असे माहेरच्या आडनावाने येत असे. पुढे ‘मारुकी दांपत्य’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्यात पत्नीचे स्वतंत्र कर्तृत्व झाकले जाण्याचा धोका आहे, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

प्रदर्शनाचा प्रवास

फेब्रुवारी १९५० मध्ये पहिले चित्र टोकियोत प्रदर्शित झाले, तेव्हा त्याचे शीर्षक केवळ ‘६ ऑगस्ट’ असे ठेवण्यात आले होते. जपान त्या वेळी दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता आणि अणुबॉम्बविषयीच्या लेखन-चित्रणावर कडक नियंत्रण होते. ताबा एप्रिल १९५२ मध्ये संपला व त्यानंतर ऑगस्टमध्ये ‘असाही ग्राफ’ या साप्ताहिकाने हिरोशिमा-नागासाकीची छायाचित्रे देशभर पोहोचविली. मधल्या काळात गावोगाव हिंडलेल्या या चित्रांनीच असंख्य जपान्यांना हिरोशिमा प्रथम दाखविले. प्रदर्शनाला आलेले पीडित चित्रासमोर उभे राहून आपली हकिकत सांगू लागत आणि त्या हकिकतींतून पुढील चित्रांना आशय मिळे.

पीडित कोण?

१९७० मध्ये ही चित्रे अमेरिकेत नेण्यात आली. चिनी चित्रकाराने नानकिंगच्या हत्याकांडाची चित्रे जपानमध्ये आणली तर तुम्ही काय कराल, असा प्रश्न तेथे मारुकींना विचारण्यात आला. हिरोशिमात अमेरिकन युद्धकैदीही मरण पावले होते, हे त्यांना याच काळात कळले. परतल्यावर १९७१ मध्ये त्यांनी तेराव्या चित्रात या कैद्यांचा मृत्यू रंगविला. चौदाव्या ‘कावळे’ (१९७२) या चित्रात कोरियन पीडित आहेत. मरणोत्तरही त्यांच्या वाट्याला उपेक्षाच आली. त्यांची प्रेते सर्वांत शेवटी उचलली गेली. १९७५ मध्ये नानकिंगचे स्वतंत्र चित्रही पूर्ण झाले. ‘आम्ही सोसले’ येथून आरंभ झालेली मालिका ‘आम्ही काय केले’ या प्रश्नापर्यंत आली. आपल्या मते, हेच तिचे सर्वांत मोठे ऐतिहासिक यश होय.

अनुबोधपटाची भूमिका

१९५३ मध्ये इमाई तादाशी व आओयामा मिचिहारू यांनी या चित्रांवर लघु अनुबोधपट तयार केला. जेथे चित्रे पोहोचू शकत नव्हती, तेथे चित्रपट पोहोचू शकत होता. जॉन जंकरमन यांचा १९८६ चा ‘हेलफायर : अ जर्नी फ्रॉम हिरोशिमा’ हा अनुबोधपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. त्यात वृद्ध दांपत्य प्रत्यक्ष काम करताना दिसते. चित्र घटना दाखविते, तर अनुबोधपट ती घटना चित्रात कशी उतरते हे दाखवितो. म्हणून दोन्ही साधने एकत्र पाहिली पाहिजेत.

समारोप

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. घोडबंदर रस्त्याचे एक टोक ज्या ठाणे शहरात आहे, त्याच्या पूर्वेची खाडी दक्षिणेकडे ट्रॉम्बेला जाते. तेथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि १९७४ च्या पोखरण चाचणीचे प्लुटोनियम तेथील ‘सायरस’ अणुभट्टीतूनच आले. १९९८ च्या चाचण्यांनंतर आनंद पटवर्धन यांनी ‘जंग और अमन’ (२००२) हा अनुबोधपट केला. त्यातील अनेक दृश्ये कापण्यास परीक्षण मंडळाने सांगितले होते. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो काटछाटीविना दाखविण्यास अनुमती दिली. हिरोशिमाविषयी हळहळ व्यक्त करणे सोपे आहे; आपल्या खाडीकाठच्या विज्ञानाविषयी आणि आपल्या राष्ट्राभिमानाविषयी प्रश्न विचारणे अवघड आहे. मारुकी दांपत्याने ती अवघड वाट चोखाळली. महाविद्यालयीन इतिहासाच्या अध्यापनात या चित्रांना व अनुबोधपटांना स्थान मिळाले, तर ६ ऑगस्ट हा केवळ परक्यांच्या दुःखाचा स्मरणदिन राहणार नाही.