नाटक संपल्यावर बाईने जायचं कुठे?

सरकारी जनजागृती मोहीम निघाली की पथनाट्य ठरलेलं. डफ वाजतो, घोषणा होतात, फोटो निघतात, कागदावर प्रयोगांचा आकडा चढतो. मग कोणीतरी विचारतंच, "नाटकं करून कुठे समाज बदलतो का?" माझं म्हणणं असं की प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. महाराष्ट्रात याचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, तो बघितला तर उत्तर बऱ्यापैकी मिळतं.

सुरुवात जोतीराव फुल्यांपासून. 1855 मध्ये त्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं. जोशीबुवा ग्रहदशेची भीती घालून एका गरीब कुणबी जोडप्याला कसं लुबाडतात, ही त्यातली गोष्ट. दक्षिणा प्राइझ कमिटीने नाटक नाकारलं. पण शेवट बघा. डोळे उघडलेलं ते जोडपं नुसतं हळहळत बसत नाही, फुल्यांच्या रात्रशाळेत शिकायला निघतं. आणि ती शाळा काही नाटकातली कल्पना नव्हती, पुण्यात खरोखर सुरू होती.

पुढे 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला, त्यातून सत्यशोधक जलसे उभे राहिले. साचा तमाशाचाच, गण, वग, सवाल-जवाब. विषय मात्र सावकार, भटजी आणि शाळा. भटजीशिवाय लग्न लावा असं जलशात सांगायचे, आणि तसं लग्न लावून देणारी माणसं समाजाकडे होती. पहिलं लग्न तर 1873 च्या डिसेंबरातच लागलं होतं. 1930 च्या दशकात नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. मेलेली ढोरं ओढू नका, पोरं शाळेत घाला, हे गाण्यातून सांगितलं. त्यामागेही चळवळ उभी होती. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. तिथे पोवाड्याच्या पाठीशी कामगारांची युनियन होती.

आता आपल्या आठवणीतला काळ. 1975 मध्ये मुंबईत स्त्री मुक्ती संघटना सुरू झाली. 1983 मध्ये संघटनेने ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेलं 'मुलगी झाली हो' रंगमंचावर आणलं. जन्मापासून लग्नापर्यंत आणि पुढेही मुलीच्या वाट्याला काय येतं, ते गाण्यांतून, हसत-चिमटे काढत सांगणारं. नेपथ्याचा फारसा पसारा नाही, त्यामुळे वस्तीत, चाळीत, कॉलेजात, खेड्यात कुठेही उभं राहायचं. काम करणाऱ्या बायका बहुतेक कार्यकर्त्याच. प्रयोग हजारांच्या घरात गेले, इतर भाषांतही नाटक पोचलं.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते प्रयोगानंतरचं. नाटक बघून बायका बोलायला लागल्या की त्यांचं ऐकायला कोणीतरी लागतं. संघटनेने कौटुंबिक सल्ला केंद्रं चालवली. नवरा मारतो, सासरचे हुंड्यासाठी छळतात, हे सांगायला जागा झाली. याच 1983 मध्ये छळाविरुद्धचं 498अ कलम कायद्यात आलं. पण कलम वापरायला आधी बाईला कोणाच्या तरी दारात उभं राहता यावं लागतं.

1990 च्या दशकाच्या शेवटी याच संघटनेने कचरावेचक बायकांसोबत 'परिसर विकास' हे काम सुरू केलं. 1972 च्या दुष्काळात गाव सोडून मुंबईत आलेल्या कुटुंबांतल्या, बहुतेक दलित समाजातल्या या बायका. त्यांचे बचत गट झाले, सहकारी संस्था झाल्या, ओल्या कचऱ्यापासून खत आणि बायोगॅस करण्याचं प्रशिक्षण मिळालं. ज्यांना लोक कचरेवाली म्हणायचे त्या 'परिसर भगिनी' झाल्या. नाटक करणाऱ्या बायका कचऱ्याच्या प्रश्नापर्यंत पोचल्या, कारण त्या वस्तीत टिकून राहिल्या.

मग मुलींचं काय झालं? इथे गोड बोलून चालणार नाही. गर्भलिंग चाचणीवर देशात पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्राने केला. तरी सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली 1991 च्या जनगणनेत 946 होत्या, 2001 मध्ये 913, आणि 2011 मध्ये 894. म्हणजे नाटक गाजत होतं आणि आकडा घसरत होता. हा दोष नाटकाचा नाही. सोनोग्राफी मशीन नाटक बघायला येत नाही. तिथे तपासणी करणारा अधिकारी, खटला चालवणारा वकील आणि कायदा मोडणाऱ्या डॉक्टरवर कारवाई लागते. कलेचं काम माणसाला बोलतं करण्याचं. पुढचं काम दुसऱ्या कोणीतरी करावंच लागतं.

या सगळ्यात मला एक सूत्र दिसतं. जिथे खेळाच्या मागे रात्रशाळा होती, पुरोहिताशिवाय लग्न लावणारा माणूस होता, युनियन होती, सल्ला केंद्र होतं, तिथे काहीतरी हललं. जिथे मागे नुसता बॅनर, तिथे टाळ्या पडल्या आणि लोक घरी गेले.

म्हणून मंडळी, आपल्या वॉर्डात पुढच्या वेळी दारूबंदी, हुंडा किंवा कचरा यावर पथनाट्य झालं तर जरूर बघा, पोरांचं कौतुक करा. आणि मग आयोजकांना, नगरसेवकांना एवढंच विचारा: हे बघून आमच्या गल्लीतली एखादी बाई उद्या सकाळी घराबाहेर पडली, तर तिने जायचं कुठे? पत्ता सांगा, वेळ सांगा, तिथे कोण बसणार ते सांगा.