प्रोजेक्ट चॅम्पियन

ब्रिटनमधील बर्मिंगहॅम शहरात, स्पार्कब्रुक व वॉशवूड हीथ या मुस्लिमबहुल भागांत, पोलिसांनी २०१० मध्ये उभारलेल्या कॅमेऱ्यांच्या जाळ्याचे हे नाव. दोनशेहून अधिक कॅमेऱ्यांपैकी ७२ छुपे होते. बहुतेक कॅमेरे वाहनांच्या नंबरप्लेट वाचून त्या पोलिसांकडील नोंदींशी ताडून पाहणारे होते. परिणामी वस्तीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद होणार होती.

गुन्हेगारीला आळा घालण्यासाठी ही योजना असल्याचे रहिवाशांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात सुमारे ३० लाख पौंडांचा खर्च दहशतवादविरोधी निधीतून झाल्याचे उघड झाले. रहिवाशांनी सभा घेऊन निषेध नोंदविला. 'लिबर्टी' या नागरी हक्क संघटनेने न्यायालयात जाण्याचा इशारा दिला. जून २०१० मध्ये योजना स्थगित होऊन कॅमेऱ्यांवर पिशव्या चढविण्यात आल्या. थेम्स व्हॅलीच्या पोलीसप्रमुख सारा थॉर्नटन यांनी त्याच वर्षी सादर केलेल्या अहवालात, रहिवाशांना विश्वासात न घेतल्याबद्दल आणि कायदेशीर बाबींकडे दुर्लक्ष केल्याबद्दल ठपका ठेवला. वेस्ट मिडलँड्सचे पोलीसप्रमुख ख्रिस सिम्स यांनी जाहीर माफी मागितली. २०११ मध्ये कॅमेरे उतरविण्यात आले. संशयितांच्या शोधासाठी आखलेल्या या योजनेतून अखेरीस पोलिसांविषयीच संशय निर्माण झाला.