मुळशीचे पाणी आणि ‘स्वच्छ’ विजेचा हिशेब

हवामानबदलाच्या संदर्भात जलविद्युत ही स्वच्छ ऊर्जा मानली जाते. महाराष्ट्रात तिचा आरंभ मात्र पर्यावरणाच्या चिंतेतून नव्हे, तर मुंबईच्या कापडगिरण्यांच्या गरजेतून झाला. दुरून आणलेला कोळसा गिरण्यांना महाग पडे. धुराचा उपद्रव तर इतका वाढला की, १९१२ मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. सह्याद्रीच्या पावसापासून वीज निर्माण करण्याचा विचार जमशेटजी टाटा यांनी केला होता. त्यांच्या पश्चात १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईस पोहोचली. घाटमाथ्यावर साठविलेले पाणी सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडावयाचे, ही यामागील युक्ती होय. भीमेच्या खोऱ्यातील पाणी त्यामुळे पश्चिमेकडे वळले.

मुळा नदीवरील तिसऱ्या योजनेत हा व्यवहार उघडा पडला. आंबेमोहोर पिकविणारे मुळशीचे खोरे बुडणार होते. शेतकऱ्यांच्या संमतीवाचून १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकारने खासगी कंपनीसाठी जमिनी घेतल्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे ही त्यातील अग्रगण्य नावे. तथापि हा लढा एकसंध होता असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या; त्यांचे हित नुकसानभरपाईच्या रकमेत होते, तर कसणाऱ्या मावळ्याचे जमिनीत. हा अंतर्विरोध राजेंद्र व्होरा यांच्या अभ्यासाने ठळकपणे पुढे आणला आहे. लढ्याच्या अपयशाचे कारण केवळ दडपशाहीत शोधणाऱ्यांनी तो अवश्य वाचावा. १९२४ च्या अखेरीस बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडविली व दीर्घ कारावास पत्करला. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले.

धूर मुंबईचा कमी झाला, शेते मावळची बुडाली. गिरणीच्या हिशेबवहीत कोळशाची बचत दिसते. बुडालेल्या खाचरांसाठी तीत रकाना नाही. विजेस ‘स्वच्छ’ म्हणताना आजही बहुधा केवळ धूर, म्हणजे कार्बन, मोजला जातो.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. सौरऊर्जा दिवसाच मिळते, म्हणून ती साठविण्याकरिता पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडणाऱ्या योजनांची निकड वाढली आहे. अशा शिरवटा व भिवपुरी येथील एकूण २,८०० मेगावॉटच्या दोन योजनांसाठी राज्य शासन व टाटा पॉवर यांच्यात २०२३ मध्ये सामंजस्य करार झाला. दोन्ही स्थळे त्याच घाटमाथ्याच्या परिसरातील आहेत.