नाशिकचा टीव्ही गेम: कॅसेटपासून जतनापर्यंत

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये घरच्या टीव्हीला जोडायचे 'फॅमिली कॉम्प्युटर' हे खेळयंत्र बाजारात आणले. तैवान, हाँगकाँग आणि पुढे चीनमध्ये त्याच्या स्वस्त नकला निघाल्या. नव्वदच्या दशकात नाशिकच्या घराघरांत पोहोचल्या त्या मुख्यतः याच नकला. डब्यावरचे नाव कधी 'मीडिया', कधी 'टर्मिनेटर' असे; पण मुलांच्या तोंडी त्याला एकच शब्द होता, टीव्ही गेम. मुंबईतील लॅमिंग्टन रोड आणि मनीष मार्केट ही अशा मालाची मोठी ठिकाणे. तिथला माल राज्यभरच्या दुकानांत जाई.

डब्यात मुख्य यंत्र, वायरचे दोन रिमोट, अ‍ॅडाप्टर आणि बहुधा एक प्लास्टिकची बंदूक असे. यंत्राची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या खाचेत खोचायची आणि चित्र दिसेपर्यंत चॅनल फिरवायचे, ही पहिली पायरी. खेळ मात्र कॅसेटमध्ये असे. तिच्यात फीत नसे. छोट्या हिरव्या पट्टीवर काळ्या ठिपक्याखाली झाकलेली एक चिप असे. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५ चा खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावला होता. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा त्याच्या कितीतरी पट जागा घेतो. कॅसेटवर '९९९९ इन १' असे छापलेले असे, पण वेगळे खेळ थोडेच असत आणि तेच पुन्हा निराळ्या नावाने किंवा पुढच्या स्टेजपासून सुरू होत. मारिओ, काँट्रा, रणगाड्यांचा 'बॅटल सिटी' आणि बदकांचा 'डक हंट' हे त्यांतले लाडके खेळ.

यातील बहुतेक खेळांत प्रगती साठवण्याची सोय नव्हती. वीज गेली किंवा अ‍ॅडाप्टर हलला, की पुन्हा पहिल्या स्टेजपासून सुरुवात. म्हणूनच काँट्रात ३० लाइफ मिळवून देणारा बटणांचा क्रम मुले पाठ करत आणि एकमेकांना शिकवत. उन्हाळ्याच्या सुटीत कॅसेटची अदलाबदल चाले. ज्याच्या घरी यंत्र, त्याच्या घरी गल्ली गोळा होई. रिमोट दोनच असल्याने बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत थांबायचे, हा नियम सर्वांना मान्य असे.

ज्यांच्या घरी यंत्र नव्हते त्यांच्यासाठी व्हिडिओ गेम पार्लर होते. तिथे उभ्या लाकडी पेटीत पडदा, खाली जॉयस्टिक आणि बटणे. कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा खेळ त्यातील एका पात्राच्या नावावरून 'मुस्तफा' म्हणूनच ओळखला गेला. हा धंदा राज्यात इतका वाढला, की १९२३ च्या मुंबई करमणूक शुल्क कायद्यात व्हिडिओ गेमवरील शुल्काची वेगळी तरतूद करावी लागली. पुढे सायबर कॅफे आले. तिथल्या संगणकांवर 'काउंटर-स्ट्राइक' आणि 'व्हाइस सिटी' रुजले. मग मोबाइलने पार्लर आणि कॅफे दोन्ही ओस पाडले. टीव्ही गेम माळ्यावर गेला किंवा भंगारात निघाला.

त्या पिढीतील अनेक जण आता वीस-पंचवीस वर्षांनी या खेळांकडे परतत आहेत. परतण्याची सोपी वाट आहे एम्युलेटरची. जुन्या यंत्राची वागणूक हुबेहूब करणारा हा प्रोग्राम. पार्लरमधल्या खेळांसाठीचा 'मेम' १९९७ मध्ये सुरू झाला, आणि २०१४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हने पार्लरचे शेकडो खेळ थेट ब्राउझरमध्ये खुले केले. तरीही वाट निर्वेध नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी तिथे प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत.

जुन्या यंत्रावरच खेळायचे तर अडचणी वेगळ्या. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, ही सर्वत्र रूढ झालेली सवय. प्रत्यक्षात उपयोग होई तो कॅसेट काढून पुन्हा बसवण्याचा. फुंकरीतील ओलाव्याने उलट तांब्याच्या पट्ट्या गंजतात. त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसणे हा योग्य उपाय.

बंदुकीचा प्रश्न याहून अवघड आहे. 'डक हंट'मध्ये चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतील प्रकाशग्राहकाला तो उजेड दिसला, तर नेम लागला. पिक्चर ट्यूबचा टीव्ही संकेत येताक्षणी ओळीमागून ओळ उजळवतो, म्हणून हा हिशोब जुळतो. एलसीडी टीव्ही चित्रावर आधी प्रक्रिया करतो आणि काही मिलिसेकंद उशिरा दाखवतो. बंदूक उजेड शोधते तेव्हा पडद्यावर तो पोहोचलेलाच नसतो आणि प्रत्येक नेम हुकतो. बंदूक शाबूत, कॅसेट शाबूत, तरी ट्यूबचा टीव्ही नसेल तर तो खेळ मूळ रूपात परतत नाही.

म्हणूनच या वस्तू सुट्या सुट्या जतन करून भागत नाही. यंत्र, कॅसेट, रिमोट, बंदूक आणि ट्यूबचा टीव्ही हा सारा संच एकत्र राहायला हवा. त्यासोबत ३० लाइफचा क्रम, खेळांची गल्लीतील नावे आणि पाळीचे नियमही लिहून ठेवायला हवेत, कारण ते कोणत्याही चिपमध्ये साठवलेले नाहीत. नाशिकला जतनाची परंपरा आहे. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून ग्रंथ सांभाळते आहे आणि शहराजवळच्या अंजनेरी येथील संशोधन संस्थेत प्राचीन नाण्यांचा अभ्यास होतो. त्याच शहरात एका पिढीचे बालपण ज्या डब्यात गेले, त्यालाही जागा मिळावी. माळ्यावरचा तो डबा आणि कोपऱ्यातला ट्यूबचा टीव्ही भंगारवाल्याला देण्याआधी एकदा एकमेकांना जोडून पाहावेत.