कॅच सुटला, तरी आउट!

क्रिकेटमध्ये आपण पुल, कट, स्वीप म्हणतो, म्हणजे बॅट कशी फिरली ते सांगतो. बेसबॉलमध्ये नाव पडतं ते बॉलच्या वाटेवरून. जमिनीवरून गेला तर ग्राउंड बॉल, सणसणीत सरळ गेला तर लाइन ड्राइव्ह, उंच उडाला तर फ्लाय बॉल, आणि जवळच्या जवळ वर जाऊन खाली आला तर पॉप-अप. या साध्या पॉप-अपमुळे अमेरिकेत एक वेगळा नियमच करावा लागला.

समजा, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर एकेक रनर आहे. बॅटरने सोपा कॅच उडवला. कॅच झाला तर रनरना आपल्याच बेसवर असायला हवं, म्हणून ते थांबतात. पण फील्डरने बॉल मुद्दाम खाली पडू दिला तर? आता बॅटर पळणार, आणि पुढच्या दोघांनाही जागा सोडून पळावंच लागणार. फील्डर बॉल उचलतो, तिसऱ्या बेसवर फेकतो, तिथून दुसऱ्या बेसवर. दोन आउट! कॅच सोडला आणि वर फायदा झाला.

ही चलाखी थांबवायला १८९५ मध्ये ‘इनफील्ड फ्लाय’चा नियम आला. बॉल हवेत असतानाच अंपायरने हे नाव पुकारलं की बॅटर आउट, मग कॅच होवो वा न होवो. रनरवर पळायची सक्ती नाही. १९०४ मध्ये यातून लाइन ड्राइव्ह वगळला. बरोबरच आहे, इतक्या वेगाच्या बॉलला सोपा कॅच कोण म्हणेल? १९२० मध्ये बंट, म्हणजे बॅट नुसती टेकवून मारलेला बॉलही वगळला.

आता ५ ऑक्टोबर २०१२, अटलांटा. हरणारा संघ घरी जाणार, असा सामना. ब्रेव्ह्ज ३-६ ने मागे, आठवी इनिंग, एक आउट, दोन बेसवर रनर. बॉल उडाला, बराच मागे गेला, कार्डिनल्सचा फील्डर ऐनवेळी बाजूला झाला आणि बॉल गवतावर पडला. तिन्ही बेस भरले, असं वाटलं. पण अंपायरने ‘इनफील्ड फ्लाय’ दिला होता. बॅटर आउट! चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या, कचरा फेकला, खेळ १९ मिनिटं थांबला. ब्रेव्ह्ज हरले.

नियमात बॉल कुठे पडला हे बघत नाहीत. इनफील्डरला तो सहज झेलता आला असता का, एवढंच बघतात. मला खटकतं ते वेगळंच. बॅटिंग करणाऱ्या संघाला फसवणुकीपासून वाचवायला केलेला नियम त्या रात्री त्याच संघावर उलटला.