आधी ठाव, मग शस्त्र

मेंदू आणि मज्जारज्जू यांवरील शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना बहुधा शस्त्राचाच इतिहास सांगितला जातो. कवटी कोणी उघडली, गाठ कोणी काढली, हात किती कुशल होता, याच गोष्टी लोकांच्या स्मरणात राहतात. परंतु थोडे खोल जाऊन पाहिले तर असे आढळते की, या विद्येत शस्त्र नेहमीच दुसऱ्या क्रमांकावर राहिले आहे. दुखणे नेमके कोठे आहे आणि ते कोणत्या जातीचे आहे, याचा ठाव आधी लागला, मगच शस्त्राला अर्थ आला. हा क्रम आपल्या मुंबईत कसा घडला आणि त्यातून जगाला काय मिळाले, हे या लेखात मांडण्याचा आमचा मानस आहे.

विक्रोळीसारख्या उपनगरात राहणाऱ्या वाचकाला हा विषय परका वाटू नये. येथील कारखान्यांतील कामगार, कन्नमवार नगर आणि टागोर नगर येथील वसाहतींतले रहिवासी, पार्कसाइटच्या टेकडीवरील वस्त्यांतली कुटुंबे, यांपैकी कोणाच्या घरी मेंदूचे वा पाठीच्या कण्याचे मोठे दुखणे उद्भवले की पावले ठरलेल्या वाटेने निघतात. आधी घाटकोपरचे राजावाडी, तेथून शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, नाहीतर मध्य रेल्वेची लोकल धरून परळचे के.ई.एम. किंवा भायखळ्याचे जे.जे. ज्या दोन रुग्णालयांची पायरी आपली माणसे हातात एक्स-रेचे पाकीट घेऊन चढतात, त्याच भायखळ्यात आणि परळात हा इतिहास घडलेला आहे.

कवटी उघडण्याचे धाडस माणसाने फार पूर्वीच केले होते. काश्मीरमधील बुर्झहोम येथील उत्खननात छिद्रे पाडलेली नवाश्मयुगीन कवटी सापडली आहे. बौद्धांच्या विनयपिटकात जीवक वैद्याची कथा येते. राजगृहातील एका श्रेष्ठीचे मस्तक उघडून त्याने दोन किडे बाहेर काढले आणि मस्तक पुन्हा शिवले, असे ती सांगते. हाड उघडण्याची कला होती, पण आत कोणता भाग कोणते काम करतो याचे ज्ञान मात्र नव्हते. या अज्ञानाची स्पष्ट कबुली देणारा एक थोर पुरुष आपल्या ख्रिस्तसभेतही होऊन गेला. डॅनिश शरीरशास्त्रज्ञ नील्स स्टेनसेन यांनी १६६५ मध्ये पॅरिस येथे मेंदूविषयी व्याख्यान दिले, आणि मेंदूबद्दल आपणांस काहीच ठाऊक नाही, असे सांगूनच त्यास आरंभ केला. हेच स्टेनसेन पुढे कॅथोलिक झाले, बिशप झाले आणि १९८८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. ठाऊक नसलेले ठाऊक असल्याचा आव न आणणे, हीच निदानाची पहिली पायरी होय.

दुसरी पायरी चढायला पुढे दोन शतके लागली. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली या शल्यविशारदाने एका तरुण शेतकऱ्याच्या मेंदूतील गाठ काढली. गॉडलीचे नाव इतिहासात राहिले. परंतु ती गाठ कोठे असावी, हे आधीच सांगितले होते ह्यूज बेनेट या वैद्याने, तेही कवटीच्या आत डोकावण्याचे कोणतेही साधन हाताशी नसताना. एक्स-रेचा शोधच मुळी १८९५ सालचा. रोग्याच्या हाताला येणारे झटके, हळूहळू गेलेली शक्ती, डोळ्यांची स्थिती, एवढ्यावरून बेनेटने जागा ठरविली आणि गाठ तेथेच मिळाली. रोगी पुढे जंतुसंसर्गाने महिन्याभरात दगावला. तरीही बाहेरच्या लक्षणांवरून आतला ठाव घेता येतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

यानंतर आत डोकावण्याची साधने एकामागून एक येत गेली. अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून त्यांचे एक्स-रे काढले. लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये रक्तवाहिनीत द्रव्य सोडून मेंदूच्या धमन्यांचे चित्र मिळविले. या दोन्ही तपासण्या रोग्याला अतिशय त्रासदायक होत्या. तरीदेखील पुढील सुमारे पन्नास वर्षे जगातील शल्यविशारदांची भिस्त त्यांच्यावरच राहिली.

भारतात या विद्येचा स्वतंत्र विभाग प्रथम उभा राहिला तो वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. मॉन्ट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिकून आलेले डॉ. जेकब चंडी यांनी १९४९ मध्ये तो सुरू केला. १९५० मध्ये मद्रासला डॉ. बी. राममूर्ती यांनी काम आरंभले. १९५१ मध्ये मुंबईस डॉ. राम गिंडे यांनी जे.जे. रुग्णालय व ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय येथे या शाखेचा पाया घातला. त्याच दशकात परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. होमी दस्तूर यांनी हा विभाग उभारला. १९२६ मध्ये सुरू झालेले के.ई.एम. आणि त्याला जोडलेले सेठ जी.एस. वैद्यकीय महाविद्यालय यांच्या स्थापनेमागे एक अट होती, ती ही की शिकविणारे सर्व भारतीयच असावेत. आपल्या माणसांचे रोग आपल्या माणसांनी नव्याने पाहावेत, ही त्या अटीमागची दृष्टी मेंदूच्या बाबतीत विशेष फळास आली. कारण परदेशी ग्रंथांत जे दुर्मिळ म्हणून नोंदलेले होते, ते परळ-भायखळ्याच्या वॉर्डांत रोजचे होते.

पहिले उदाहरण क्षयाच्या गाठीचे. गिरण्या, चाळी, कोंदट खोल्या आणि अपुरा आहार यांमुळे मुंबईत क्षय मुबलक होता, आणि तो फुप्फुसापुरता थांबत नसे. मेंदूतही त्याची गाठ धरते. डोके दुखणे, वांत्या, झटके, एका बाजूचे बळ जाणे, ही तिची लक्षणे ग्लायोमा नावाच्या मेंदूच्या अर्बुदासारखीच असतात. परिणाम मात्र दोन टोकांचे. क्षयाची गाठ औषधाला दाद देऊ शकते. ग्लायोमा बहुधा उलटतो. १९६५ मध्ये डॉ. दस्तूर आणि डॉ. देसाई यांनी ‘ब्रेन’ या नामांकित नियतकालिकात क्षयगाठीचे १०७ आणि ग्लायोमाचे १०७ रोगी समोरासमोर मांडून त्यांची तुलना प्रसिद्ध केली. दोनशे चौदा केसपेपर बारकाईने वाचून दोन सारख्या दिसणाऱ्या दुखण्यांतला भेद शोधणे, यात शस्त्राची चमक नाही. परंतु कोणत्या रोग्याला कशाची आशा धरता येईल, याचे उत्तर तेथेच दडलेले होते.

या भेदाचे मोल पुढे आणखी वाढले. स्ट्रेप्टोमायसिन १९४० च्या दशकात आणि आयसोनियाझिड १९५२ मध्ये हाती येण्यापूर्वी क्षयाची गाठ काढली की जंतू मेंदूच्या आवरणात पसरून रोगी दगावण्याचे भय असे. औषधांमुळे ते भय कमी झाले. मग १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डन येथील रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे सी.टी. स्कॅन काढले गेले. हे यंत्र आल्यावर गाठ दिसू लागली, औषध दिल्यावर ती आटते की नाही हेही पाहता येऊ लागले, आणि कित्येक रोगी कवटी न उघडताच बरे होऊ लागले. निदान पक्के झाले की ते शस्त्राला वाट दाखविते, तसेच अनेकदा शस्त्राची गरजही टाळते.

दुसरे उदाहरण मानेचे. त्यात मुंबईने जगाला दिलेली देणगी मोठी आहे. वाचकहो, आपल्या डोक्याचा भार ज्या पहिल्या मणक्यावर टेकलेला असतो, त्याला शरीरशास्त्रात ‘अ‍ॅटलास’ म्हणतात; ग्रीक पुराणांत आकाश खांद्यावर पेलणाऱ्या पुरुषाचे ते नाव. दुसरा मणका म्हणजे ‘अक्ष’. त्याला वर एक दातासारखी खुंटी असते आणि पहिला मणका तिच्याभोवती फिरतो. आपण मान डावी-उजवीकडे वळवितो, त्यातील सुमारे निम्मी हालचाल या एकाच सांध्यात होते. खुंटीला जागेवर धरणारा एक आडवा स्नायुबंध असतो. तो जन्मतः दुबळा असला, किंवा हाडाची घडणच सदोष असली, तर मणके सरकतात आणि खुंटी मागच्या मज्जारज्जूवर दाब देऊ लागते. हात बोजड होतात, बटण लावता येत नाही, पाय ताठरतात, चाल अडखळते. अखेरीस श्वासही अडतो. हे दुखणे पुष्कळदा ऐन तारुण्यात गाठते आणि मज्जारज्जूच्या असाध्य विकारांसारखे भासते. ‘यावर इलाज नाही’ हे वाक्य ऐकून कित्येक तरुण घरी परतले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

जे.जे. रुग्णालयातील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया लंडनहून शिक्षण घेऊन १९५७ मध्ये मुंबईस परतले होते. १९६७ मध्ये त्यांनी ‘ब्रेन’मध्ये या जन्मजात सरकलेल्या सांध्यामुळे मज्जारज्जू बाधित झालेल्या २८ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्याला असाध्य समजले जाई, त्यातला काही भाग दाबाचा आहे आणि दाब दूर करता येण्याजोगा असतो, हे यातून स्पष्ट झाले. तपासणीही साधी होती. मान पुढे वाकवून एक आणि मागे नेऊन दुसरा, असे बाजूने काढलेले दोन एक्स-रे. प्रौढाच्या बाबतीत पहिला मणका आणि ती खुंटी यांमधील फट सामान्यतः ३ मिलीमीटरच्या आत असते. मान वाकविताच ती वाढली, तर सांधा सैल आहे असे समजावे. मात्र ते दोन एक्स-रे काढण्याचे सुचले पाहिजे. डॉ. वाडिया २०१६ मध्ये निवर्तले. तोवर ही गोष्ट त्यांनी अनेक पिढ्यांच्या मनावर ठसविली होती.

ठाव लागला, तरी शस्त्र अद्याप तोकडे होते. १९३९ मध्ये गॅली यांनी मांडलेल्या पद्धतीने मागच्या बाजूने तार गुंडाळून मणके बांधले जात. पण तार ही शेवटी तारच. सांधा पूर्ण घट्ट होत नसे आणि रोग्याला पुष्कळ काळ बाह्य आधारात जखडून ठेवावे लागे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल यांनी १९८८ पासून निराळी वाट धरली. वरच्या कमानीला बांधण्याऐवजी प्रत्यक्ष सांध्याच्या दोन्ही बाजूंस, मणक्यांच्या भरीव भागात स्क्रू बसवून ते धातूच्या पट्टीने जोडायचे आणि सांध्यात रोग्याच्याच हाडाचे तुकडे भरून तो कायमचा सांधायचा. शेजारूनच मेंदूकडे जाणारी धमनी वाहते; हात रेसभर चुकला तरी अनर्थ ओढवावा, अशी ती जागा. डॉ. गोयल व डॉ. लाहेरी यांचा या पद्धतीवरील लेख १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि २००२ मध्ये १६० रोग्यांचा अनुभव मांडला गेला. २००१ मध्ये जर्मनीचे हार्म्स यांनी स्क्रू आणि दांडी वापरून तिचे एक रूप प्रसिद्ध केले. जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत आज ही रीत गोयल-हार्म्स या जोडनावाने ओळखली जाते. परळच्या महानगरपालिकेच्या रुग्णालयात, गोरगरिबांच्या माना सांधताना सिद्ध झालेली ही रीत आहे, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

हा इतिहास आम्ही केवळ अभिमानासाठी सांगत नाही. आज स्कॅनची यंत्रे उपनगरांतही आली आहेत, आणि त्यामुळे ठाव आपोआप लागतो असा समज पसरला आहे. परंतु यंत्र जेथे रोखले जाते तेवढेच दाखविते. पाय ताठरलेल्या माणसाच्या कमरेचे चित्र काढले, तर मानेतला दोष त्यात दिसणार कसा? कोठे पाहावे, हे ठरविण्यासाठी आजही बेनेटप्रमाणे रोग्याचे ऐकावे लागते, त्याला चालवून पाहावे लागते. दुसरी गोष्ट घराघरांतली. मान आखडली की मालीश करवून घेणे, केशकर्तनालयात मानेला झटका देऊन ती ‘मोकळी’ करणे, हे आपल्याकडे सर्रास चालते. निरोगी मानेलाही त्याची गरज नाही. सांधा सैल असलेल्या मानेला तो एक झटका घातक ठरू शकतो. आखूड मान, हातांचा वाढता बोजडपणा, घसरणारी चप्पल, अडखळणारी चाल, यांतले काही दिसले तर वयाकडे किंवा अशक्तपणाकडे बोट न दाखविता वेळीच डॉक्टर गाठावा. मज्जारज्जूवरील दाब जितका जुना, तितके गमावलेले बळ परत येणे कठीण.

शेवटी एका ऋणाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. गिंडे, दस्तूर, वाडिया, गोयल ही नावे या विद्येच्या इतिहासात नोंदली गेली आहेत, आणि ते योग्यच आहे. पण ते २८ रोगी, ते १०७ आणि १०७, ते १६०, यांची नावे कोठेही छापलेली नाहीत. वाकवलेल्या मानेचा एक्स-रे देणारे, गळ्यातल्या धमनीत सुई टोचून घेणारे, बरे झालेले आणि न झालेलेही, या सर्वांच्या देहावरून ही विद्या शिकली गेली. आज एखादा तरुण परळहून आपल्या पायांनी चालत घरी येतो, तेव्हा त्याच्या त्या चालण्यात या अनाम माणसांचाही वाटा असतो.